राज्याचं विज्ञान-तंत्रज्ञान धोरण आणि त्याचे निर्देशक: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

राज्याचं विज्ञान-तंत्रज्ञान धोरण बहुतेकदा उलट्या क्रमानं तयार होतं. आधी दृष्टिपत्र लिहिलं जातं, मग 'संशोधनावर राज्य उत्पन्नाच्या इतके टक्के' असं उद्दिष्ट ठरतं, मग समित्या बसतात. मसुदा छापायला जाण्याच्या सुमारास कुणीतरी विचारतं, 'आज आपण नेमका किती खर्च करतो?' मग सगळ्या विभागांना पत्र जातं, 'माहिती आठ दिवसांत सादर करावी'. जे आकडे येतात त्यांची बेरीज करता येत नाही, कारण प्रत्येकानं 'संशोधन' या शब्दाचा अर्थ आपापल्या सोयीनं लावलेला असतो.

हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. राज्याच्या विज्ञान परिषदेत, नियोजन विभागात, अर्थ व सांख्यिकी संचालनालयात किंवा विद्यापीठात हे काम ज्यांच्या टेबलावर येतं, त्यांच्यासाठी लिहिला आहे. उदाहरणं महाराष्ट्राची आहेत. गोव्याचं एक उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण लहान राज्यात एक चूक फार ठळक दिसते.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे ठेवा. 'निर्देशक' म्हणजे एका गोष्टीचं एक माप, उदाहरणार्थ दर हजार लोकसंख्येमागे संशोधक. 'निर्देशांक' म्हणजे अनेक निर्देशक भारांकन देऊन, म्हणजे प्रत्येकाला महत्त्वानुसार वजन देऊन, एकत्र केलेली संख्या. बैठकीच्या इतिवृत्तात हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून येतात. मग कुणी निर्देशक मागतो आणि त्याच्या हातात निर्देशांक पडतो.

टप्पा १: आधी निर्णय लिहा

कोरा कागद घ्या आणि येत्या तीन वर्षांत शासनाला या क्षेत्रात कोणते निर्णय घ्यायचे आहेत, ते लिहा. पाच-सहा पुरेत. 'विज्ञानाला चालना देणे' हा निर्णय नव्हे. निर्णय असा दिसतो: 'कृषी विद्यापीठांना जादा मिळणारा पैसा नव्या संशोधन केंद्रांच्या इमारतींना द्यायचा, की असलेल्या केंद्रांतली रिक्त पदं आणि चालू खर्च भागवायला?'

या एका प्रश्नातून तीन निर्देशक आपोआप निघतात: मंजूर संशोधन पदांपैकी भरलेली पदं, प्रति संशोधक वेतनेतर चालू खर्च आणि भांडवली खर्चाचं एकूण खर्चाशी प्रमाण. यातला दुसरा, म्हणजे पगार वगळून एका संशोधकाच्या हाती वर्षाला पडणारा पैसा, मला राज्यपातळीवर सर्वांत उपयोगाचा वाटतो. रसायनं, मजुरी, डिझेल, उपकरणांची दुरुस्ती हे सगळं त्यातूनच होतं. तो आटला की पदं भरलेली असूनही प्रयोग थांबतात, आणि एकूण खर्चाच्या आकड्यात ते दिसतसुद्धा नाही.

*तपासणी:* प्रत्येक निर्देशकापुढे लिहा, 'हा आकडा दुप्पट झाला किंवा निम्मा झाला तर कोण काय वेगळं करेल?' उत्तर सुचलं नाही तर तो निर्देशक यादीतून काढा.

टप्पा २: सीमा आखा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. 'राज्याचं संशोधन' या शब्दांचे तीन वेगळे अर्थ होतात:

१. राज्याच्या हद्दीत झालेलं सगळं संशोधन. यात तुर्भ्याचं भाभा अणु संशोधन केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), आयआयटी मुंबई, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर), नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि खासगी कंपन्यांच्या प्रयोगशाळा येतात.

२. राज्य शासनाच्या पैशातून झालेलं संशोधन, मग ते कुणीही केलेलं असो.

३. राज्य शासनाच्या अखत्यारीतल्या संस्थांनी केलेलं संशोधन: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे 'मेरी', लशींसाठी ओळखली जाणारी परळची हाफकिन संस्था, राज्य विद्यापीठं. पैसा मात्र केंद्राचाही असू शकतो.

तिन्ही आकडे खरे असतात आणि तिन्ही लागतात. ते तीन वेगळ्या तक्त्यांत ठेवायचे असतात. एका तक्त्यात आले की धोरण भरकटतं. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. त्यात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के आणि सगळ्या राज्य सरकारांचा मिळून ६.७ टक्के होता. म्हणजे 'हद्दीत झालेलं' या आकड्याचा फार मोठा भाग राज्य शासनाच्या हातातच नसतो. राज्याचं धोरण 'पाच वर्षांत राज्य उत्पन्नाच्या एक टक्का' असं उद्दिष्ट ठेवतं, तेव्हा ते अणुऊर्जा विभागाच्या आणि औषध कंपन्यांच्या वतीनं वचन देत असतं.

गोव्यात हे आणखी ठळक होतं. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या दोन्ही संस्था केंद्राच्या आहेत. लहान राज्याच्या आकडेवारीत त्यांचं वजन इतकं पडतं की राज्याच्या स्वतःच्या प्रयत्नांचं चित्रच झाकलं जातं.

इशारा: कंपन्यांचा खर्च मुख्यालयाच्या पत्त्यावर मोजू नका. कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या अहवालात संशोधन-विकासाचा खर्च द्यावा लागतो, पण तो संपूर्ण कंपनीचा असतो, प्रयोगशाळानिहाय नसतो. नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि प्रयोगशाळा हैदराबादला असेल, तर तो खर्च महाराष्ट्राचा नव्हे. मुंबईमुळे ही चूक आपल्या राज्यात इतरांपेक्षा जास्त फुगते.

टप्पा ३: 'संशोधन' कशाला म्हणायचं ते एका पानावर लिहा

व्याख्या नव्यानं शोधू नका. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची फ्रास्काती नियमावली १९६३ पासून याच कामासाठी आहे. तिची २०१५ ची आवृत्ती पाच कसोट्या देते: काम नवं ज्ञान शोधणारं असावं, त्यात स्वतंत्र कल्पना असावी, निष्पत्ती आधीपासून ठाऊक नसावी, ते नियोजनबद्ध असावं आणि दुसऱ्याला ते पुन्हा करून पाहता यावं. पाचही कसोट्या लागू व्हायला हव्यात.

या पाच ओळी विभागांना नुसत्या पाठवल्या तर उपयोग होत नाही. ज्या त्या खात्याच्या रोजच्या कामातली उदाहरणं सोबत द्या. माती परीक्षण प्रयोगशाळेत शेतकऱ्यांचे नमुने तपासणं ही सेवा आहे, संशोधन नव्हे. त्याच नमुन्यांतून जस्ताच्या कमतरतेवर नवी मात्रा ठरवण्याचा प्रयोग आखला तर ते संशोधन. तुरीच्या नव्या वाणाच्या चाचण्या संशोधनात येतात, शेतकरी मेळावा आणि प्रात्यक्षिक विस्तार कार्यात, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवण्याच्या कामात. धरणाच्या कामाचं काँक्रीट मानकानुसार तपासणं संशोधन नाही, सांडव्याची नवी रचना प्रतिकृतीवर तपासणं आहे. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी दरवर्षी ठरल्याप्रमाणे नोंदवणं कितीही मोलाचं असलं तरी या तक्त्यात येत नाही. लशीचं नेहमीचं उत्पादनही येत नाही.

कामाचं मोल कमी आहे म्हणून ते वगळलं जात नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर अधिकारी दुखावतात आणि पुढच्या वर्षी सगळंच 'संशोधन' म्हणून पाठवतात. अशा सेवांसाठी वेगळा रकाना ठेवला की हा वाद मिटतो.

टप्पा ४: अर्थसंकल्पातून खर्च काढा

विभागांना विचारण्याआधी अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडा. तिथे प्रत्येक प्रकारच्या खर्चाला ठरावीक क्रमांक असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. प्रमुख लेखाशीर्ष २४१५ म्हणजे कृषी संशोधन व शिक्षण, ३४२५ म्हणजे इतर वैज्ञानिक संशोधन. भांडवली बाजूला अनुक्रमे ४४१५ आणि ५४२५. सुरुवात इथून करा, पण इथेच थांबू नका.

पहिली अडचण: २४१५ खालचा सगळा पैसा संशोधनाचा नसतो. कृषी विद्यापीठाच्या अनुदानात अध्यापन, विस्तार, आस्थापना आणि निवृत्तिवेतनही असतं. संपूर्ण अनुदान 'संशोधन' म्हणून धरलं तर आकडा फुगतो. तो फुगला की वित्त विभाग म्हणतो, 'इतके तर आधीच देतोय.' आपल्याच बेजबाबदार बेरजेनं आपलीच मागणी कापली जाते.

दुसरी अडचण उलट आहे. जलसंपदा, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, तंत्रशिक्षण यांच्या लेखाशीर्षांत संशोधन दडलेलं असतं, ते ३४२५ मध्ये दिसत नाही. यासाठी उपशीर्ष आणि योजनानिहाय तपशील वाचावेच लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा नीट केलं की पुढची वर्षं फक्त बदल टिपायचे असतात.

तिसरी अडचण दुहेरी मोजणीची. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत कृषी विद्यापीठाला ७५ टक्के पैसा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडून आणि २५ टक्के राज्याकडून येतो. परिषद आपला वाटा सांगते, विद्यापीठ संपूर्ण खर्च सांगतं, राज्य आपला वाटा सांगतं. तिन्ही जोडले तर शंभर रुपयांच्या कामाचे दोनशे होतात. नियम साधा आहे: खर्च ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याच्याकडूनच घ्या, आणि 'पैसा कुठून आला' हा वेगळा रकाना त्याच्याकडूनच भरून घ्या.

*तपासणी:* आकडा अर्थसंकल्पीय अंदाजाचा, सुधारित अंदाजाचा की प्रत्यक्ष खर्चाचा, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहिलंय का? वर्षांची तुलना फक्त प्रत्यक्ष खर्चाची करा. तो उशिरा मिळतो, त्याला इलाज नाही.

टप्पा ५: प्रश्नावली आणि वेळापत्रक

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं राष्ट्रीय सर्वेक्षण वेळोवेळी होतं. तुमच्या प्रश्नावलीतली मूळ पदं त्याच्याशी जुळती ठेवा, म्हणजे संस्थांना एकच माहिती दोन पद्धतींनी भरावी लागत नाही आणि तुम्हाला पडताळणी करता येते.

माहिती मागण्याचा अधिकार कुठला, हे आधी पाहा. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार राज्य शासन सांख्यिकी अधिकारी नेमून माहिती मागवू शकतं, आणि व्यक्ती किंवा संस्था ओळखू येईल अशा रीतीनं ती उघड न करण्याचं बंधनही त्यातच आहे. नुसत्या विनंतीपत्रापेक्षा या कायद्याचा आधार घेतलेलं पत्र दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं. कंपनीला गोपनीयतेची हमी मिळते, तुम्हाला उत्तर मिळतं.

प्रश्नावलीत सर्वांत जास्त चुकणारा रकाना म्हणजे संशोधकांची संख्या. माणसं मोजायची की वेळ? दोन्ही. विद्यापीठाच्या विभागात ४० अध्यापक आहेत आणि ते सरासरी ३० टक्के वेळ संशोधनाला देतात असं धरलं, तर डोकी ४०, पण पूर्णवेळ समतुल्य संशोधक १२. खर्चाला ४० नं भागलं की प्रति संशोधक खर्च अन्यायकारक कमी दिसतो. हा ३० टक्क्यांचा आकडा कुणाच्या अंदाजानं घेऊ नका. थोड्या अध्यापकांकडून वर्षातल्या वेगवेगळ्या आठवड्यांची वेळनोंद घ्या: परीक्षेचा एक, सुट्टीतला एक, कृषी विद्यापीठ असेल तर खरीप पेरणीचा एक. पीएचडीचे पूर्णवेळ विद्यार्थी मोजायचे का, हेही पहिल्याच वर्षी ठरवून टाका आणि पुढे तोच नियम ठेवा.

दुसरी सूचना लहान वाटेल, पण तिच्याशिवाय वर्षभराची मेहनत वाया जाते. आपल्या कार्यालयांत 'निरंक' लिहून तक्ता परत पाठवण्याची जुनी सवय आहे. त्या एका शब्दाचे तीन अर्थ होतात: खर्च खरोखर शून्य, माहिती उपलब्ध नाही, आणि हा प्रश्न आम्हाला लागू नाही. प्रश्नावलीत या तिन्हींसाठी वेगळे पर्याय द्या. रिकामी चौकट स्वीकारू नका आणि संगणकात भरताना ती शून्य करू नका.

इशारा: पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवू नका. मार्चअखेरच्या गडबडीत मागच्या वर्षीचीच माहिती तारीख बदलून येते. जुलै-ऑगस्टमध्ये पाठवा. वर्ष मिटलेलं असतं, आणि हाती आलेला आकडा पुढच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावांपर्यंत पोचवता येतो.

मुख्य पाठवणीआधी पाच वेगळ्या प्रकारच्या संस्थांत प्रत्यक्ष बसून प्रश्नावली भरून घ्या: एक कृषी विद्यापीठ, एक अभियांत्रिकी महाविद्यालय, एक शासकीय प्रयोगशाळा, एक मध्यम कंपनी, एक स्वयंसेवी संस्था. लेखा शाखेचा माणूस त्या बैठकीला हवाच. शास्त्रज्ञाला प्रकल्प ठाऊक असतो, पण पैसा कुठल्या शीर्षाखाली गेला ते लेखापालालाच ठाऊक असतं.

टप्पा ६: पेटंट, शोधनिबंध, स्टार्टअप

हे आकडे आयते मिळतात, म्हणून त्यांच्यावर भर जास्त पडतो.

पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेकडे आलेले अर्ज म्हणजे महाराष्ट्राचे अर्ज नव्हेत. या शाखेच्या कार्यक्षेत्रात गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवाही येतात. अर्ज, प्रसिद्धी, मंजुरी हे तीन वेगळे टप्पे आहेत. एरवी अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यासाठी शोध चांगला असावा लागत नाही. परीक्षणाची वेगळी विनंती केल्याशिवाय तो तपासलाच जात नाही. २०२१ च्या नियमदुरुस्तीनं शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली, त्यामुळे त्यानंतरच्या अर्जसंख्येची आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नका. 'परीक्षणाची विनंती केलेल्या अर्जांपैकी मंजूर' आणि 'मंजूर पेटंटांपैकी परवाना दिलेले' हे दोन निर्देशक नुसत्या संख्येपेक्षा खूप काही सांगतात.

शोधनिबंधांच्या शोधात संस्थांची सगळी जुनी नावं घाला. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा. नवं नाव तेवढं शोधलं तर त्या वर्षापासून विद्यापीठ अचानक 'प्रगती' करताना दिसतं. अनेक लेखकांच्या निबंधाचं श्रेय संस्थांमध्ये विभागून द्या.

स्टार्टअपच्या नोंदणीसंख्येवरून तंत्रज्ञानाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. वापरायचीच असेल तर तीन वर्षांनी चालू असलेल्यांची संख्या वापरा.

टप्पा ७: प्रत्येक निर्देशकाची पत्रिका बनवा

बारा ते पंधरा निर्देशक पुरेत. प्रत्येकाचं एक पान: व्याख्या, सूत्र, अंश कुठून, छेद कुठून, संदर्भ वर्ष, माहिती देणारं कार्यालय, ज्ञात उणिवा, आणि टप्पा १ मधला कोणता निर्णय याच्यावर अवलंबून आहे. छेदाकडे दुर्लक्ष होतं. राज्य उत्पन्नाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या आधारानं ते मोजतात ते, बदललं की प्रयोगशाळेत काही न घडताही टक्केवारी बदलते. जिल्हानिहाय मालिकेत २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला. ती नोंद पत्रिकेत नसेल तर ठाण्याची घसरण समजावत बसावं लागतं.

एकत्रित निर्देशांक पहिल्या वर्षी करू नका. क्रमवारीचा मोह आवरा. नीती आयोगाच्या भारत नवोन्मेष निर्देशांकात २०२० मध्ये ३६ निर्देशक होते, २०२१ मध्ये ६६. मोठ्या राज्यांत २०२० ला महाराष्ट्र दुसरा होता, २०२१ ला पहिल्या तिनांत नव्हता. मापच इतकं बदललेलं असताना या घसरणीवरून राज्यातल्या संशोधनाबद्दल काय निष्कर्ष काढणार? क्रमांक छापण्याआधी प्रत्येक निर्देशक दोन्ही वर्षी सारखाच होता का, ते पाहा.

टप्पा ८: आता धोरणाचा मसुदा

इतकं झाल्यावरच लिहायला बसा. मसुद्यातल्या प्रत्येक कृतीपुढे चार रकाने भरा: जबाबदार विभाग, लेखाशीर्ष, वर्ष, निर्देशक. लेखाशीर्षाचा रकाना रिकामा राहिला तर ती कृती होणार नाही, मग वाक्य कितीही सुंदर असो. वित्त विभागाचे अभिप्राय शेवटी न मागवता याच टप्प्यावर चारही रकान्यांसकट मागवा.

उद्दिष्टं राज्याच्या हातातल्या गोष्टींवर ठेवा: संशोधन पदं भरणं, प्रति संशोधक वेतनेतर खर्च, अनुदानाचा पहिला हप्ता कुठल्या महिन्यात मिळाला, केंद्राच्या स्पर्धात्मक निधीतून राज्य विद्यापीठांनी मिळवलेला वाटा. २०२३ च्या कायद्यानं संशोधनाला निधी देणारं केंद्राचं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिल्यानंतर हा शेवटचा निर्देशक अधिकच मोलाचा झाला आहे. हद्दीतला एकूण खर्च जरूर मोजत राहा, पण उद्दिष्ट म्हणून नाही, परिस्थितीची नोंद म्हणून.

इशारा: ज्या निर्देशकावर अनुदान वाटाल तो निर्देशक बिघडतो. निबंधसंख्येवर पैसे दिले की निबंध वाढतात, दर्जा घसरतो. अनुदानासाठी वापरायचा निर्देशक त्रयस्थ पडताळणी होऊ शकेल असाच निवडा.

टप्पा ९: प्रसिद्धी आणि जपणूक

विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी द्याच. संशोधनाची साधनं मुंबई-पुण्यात किती एकवटली आहेत हे राज्याच्या सरासरीत दिसत नाही, आणि परभणीच्या माणसाला ते माहीत असण्याचा हक्क आहे. मात्र जिल्ह्यात एखाद्या उद्योगाच्या दोनच कंपन्या असतील तर तो आकडा स्वतंत्र छापू नका, शेजारच्या गटात मिळवा. नाहीतर एक कंपनी आपला आकडा वजा करून दुसरीचा काढते.

आकडे पुढे सुधारले जाणार हे पहिल्याच अहवालात लिहा, आणि सुधारणा झाली की जुना व नवा दोन्ही आकडे शेजारी छापा.

मूळ प्रश्नावल्या, पत्रिका, वगळलेल्या कामांची यादी आणि प्रत्येक अंदाजामागचं कारण एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत संचालनालयात द्या. हे काम पाहणाऱ्या कक्षातल्या अधिकाऱ्याची बदली होतेच. नवा माणूस जुन्या फायलींवरून मागच्या वर्षीचा एक आकडा स्वतः पुन्हा काढू शकतो का, हे बदली होण्याआधी, त्याच कक्षातल्या दुसऱ्या कुणाला बसवून करून पाहा. आकडा जुळला नाही तर जिथे अडलं ती पायरी लिहून पत्रिकेत घाला.